गोव्याच्या पावसात लॉनमधलं क्रॅबग्रास कसं काढायचं

फोंडा तालुक्यात आमचं घर आहे. मागे सासऱ्यांनी लावलेलं कुळागर, पुढे चिऱ्यांचं कुंपण, आणि कुंपणापासून पडवीपर्यंत लॉन. माड-पोफळी असताना हे गवत कशाला, असं गावातली जुनी माणसं विचारतात. आमच्या दाराला उतार आहे. लॉन नव्हतं तेव्हा दर पावसाळ्यात तांबडी माती वाहून गटारात जायची आणि उरलेली मुलांच्या पायांनी घरात यायची. आता ती जागची हलत नाही. म्हणून हे लॉन मला जपायचं आहे, आणि त्यात सगळ्यात जास्त त्रास क्रॅबग्रास या तणाचा होतो. पर्वरीपासून मडगावपर्यंत आमच्या नात्यागोत्यात ज्यांच्या दारात लॉन आहे ते सगळे जुलै-ऑगस्टमध्ये मला याच गवताबद्दल विचारतात, तेव्हा सगळं एकदा नीट लिहून काढते.

या गवताबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक थंड देशांतलं असतं. तिथे कडक थंडीत क्रॅबग्रास मरतं आणि वसंतात जमीन साधारण १३ अंश सेल्सियसपर्यंत तापली की नवं बी रुजतं. त्यामुळे तिथली माणसं जमिनीचं तापमान मोजून कामाला लागतात. आपल्याकडे पौष-माघातसुद्धा माती तेवढी गार होत नाही. बी बारा महिने रुजायला तयार असतं, त्याला हवी असते ओल आणि उजेड. म्हणून गोव्यात याचं वेळापत्रक पावसावर चालतं. मिरगाच्या, म्हणजे मृग नक्षत्राच्या, सरी आल्या की बी रुजतं, दीड-दोन महिन्यांत तुरे येतात आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आसपास बी पिकून गळायला लागतं. मिरग ते चवथ, एवढाच काळ आपल्या हातात असतो. त्या काळात एकही तुरा पिकू द्यायचा नाही आणि मोकळी जमीन शिल्लक ठेवायची नाही, ही दोन कामं ज्याला जमली त्याचं लॉन सुधारतं. बाकीचं सगळं या दोन कामांना मदत करण्यासाठी आहे.

आधी ओळख पटवा

क्रॅबग्रास जमिनीलगत चारी बाजूंना फाकतं, मधे एक गड्डा आणि त्यातून खेकड्याच्या पायांसारख्या फांद्या. पानं लॉनपेक्षा रुंद आणि फिकट, पिवळसर हिरवी. बुंध्याशी जांभळट झाक असते, आणि पान जिथे खोडाला बिलगतं तिथे बोट फिरवलं की लव लागते. फांदी जमिनीला टेकली की प्रत्येक पेरातून मुळं फुटतात. तुरा म्हणजे दांड्याच्या टोकाला फुटलेल्या चार, पाच, कधी आठ-नऊ बारीक लांब काड्या.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. गोव्यात अर्धवट सावलीच्या लॉनमध्ये ज्याला आपण बफेलो म्हणतो ते रुंद पानाचं गवत असतं, आणि त्यालाही पावसात दोन-तीन काड्यांचे तुरे येतात. ते क्रॅबग्रास समजून लोक चांगलं लॉनच उपटतात. पानाचं टोक बघा. बफेलोचं टोक बोथट, गोलसर असतं. क्रॅबग्रासचं निमुळतं, टोकदार.

रान नाचणीही याच घोळक्यात सापडते. तिचा बुंधा चपटा, पांढरट चकचकीत असतो आणि ती हाताने ओढून निघत नाही, खुरपंच लागतं. पण तीही एका हंगामात जगून मरणारी आहे, त्यामुळे क्रॅबग्रासचेच उपाय तिला चालतात. लव्हाळ्याचं मात्र तसं नाही. खोड बोटांत फिरवून बघा, तिधारी लागलं तर तो लव्हाळा. त्याला जमिनीखाली गाठी असतात, आणि वरून उपटलं तर तो त्या गाठींतून परत येतो. या लेखातला उपाय लव्हाळ्यावर करून निराश होऊ नका.

आणि हरळी. म्हणजे आपल्या दुर्वा. ती लॉनमध्ये घुसली तर काहींना नको असते, पण ती बहुवर्षायू आहे, माती धरते आणि चवथीला लागते. आमच्या कडेच्या पट्ट्यात मी ती मुद्दाम ठेवली आहे. दुर्वा खुडणाऱ्या मुलांना क्रॅबग्रास एकदा हातात देऊन फरक दाखवा. त्याची कोवळी रोपं पूजेच्या जुडीत हमखास येतात.

पाऊस लागण्याआधी

मे महिन्यात लॉनवर उभं राहून खाली बघा. गवतातून माती दिसते ती प्रत्येक जागा जूनमध्ये क्रॅबग्रासची होणार. गेटपासून स्कूटर लावायच्या जागेपर्यंत दबलेली वाट, चिऱ्यांच्या भिंतीलगतची तापणारी कड, नळाखालचा ओला कोपरा, कुत्रा बसतो ती जागा. आमच्याकडे दरवर्षी हीच ठिकाणं असतात, तुमच्याकडेही वेगळी नसणार.

दबलेली जागा आधी मोकळी करायला हवी. आदल्या दिवशी पाणी द्या, मग बागकामाचा काटा चार बोटं खोल रोवून थोडा हलवा, एक वीत सोडून पुन्हा रोवा. माती उलथायची नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण क्रॅबग्रासचं बी वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमधूनच रुजतं. खोल गाडलं गेलेलं बी तुम्ही उलथून वर आणलंत तर त्याला हवा तो उजेड तुम्हीच दिलात. मातीत हे बी काही वर्षं जिवंत राहतं.

मग तिथे लॉनच्याच दाट भागातून कापलेले तुकडे बसवा. मी मागच्या अंगणात दोन जुन्या क्रेटमध्ये लॉनचं रोप तयार ठेवते, ज्या बाजूला जसं गवत आहे तसं, उन्हातल्यासाठी मेक्सिकन जातीचं आणि आंब्याखालच्यासाठी बफेलो. एका क्रेटमधून बरीच भोकं बुजतात. बसवल्यावर पायाने दाबायचं आणि पाऊस लागेपर्यंत रोज पाणी. पाऊस सुरू झाल्यावर लावलं तरी ते जगतं, पण तोवर क्रॅबग्रासचं बी रुजलेलं असतं आणि दोघांची चढाओढ लागते.

बाहेरून काय आणता तेही बघा. भरावाची तांबडी माती डोंगराच्या वरच्या थरातली असेल तर तिच्यात तणाचं बी भरपूर असतं. ट्रकवाल्याला खालच्या थरातली माती मागा. ताजं शेण लॉनवर कधीही टाकू नका. गुरांच्या पोटातून गवताचं बरंच बी धड बाहेर पडतं. पूर्ण कुजलेलं, चाळलेलं खतच वापरा. आणि नर्सरीतून लॉनचा गालिचा आणलात तर उलगडून, पिवळसर रुंद पान कुठे दिसतं का ते बघून मगच पैसे द्या.

मिरग ते चवथ: हाताने काढणं

पाऊस सुरू झाल्यावर दहा-पंधरा दिवसांत, म्हणजे सांजांवच्या (२४ जूनच्या सणाच्या) आगेमागे, पहिली उगवण दिसते. दोन-तीन पानांची, आखूड आणि रुंद पानाची, लॉनच्या रंगापेक्षा उजळ. या वेळी ती दोन बोटांनी अलगद येते, मातीसुद्धा हलत नाही. रोज सकाळी चहानंतर पंधरा मिनिटं दिलीत तर आठवड्याभरात बरीच जागा साफ होते. सगळं एका रविवारी करू म्हणून थांबू नका. आपल्याकडे रविवारी पाऊस कोसळत असतो, आणि दोन रविवार चुकले की त्याच रोपाला फांद्या फुटून त्याने वीतभर जागा घेतलेली असते.

मोठं झालेलं रोप असं काढायचं. आधी त्याच्या सगळ्या फांद्या बाहेरून गोळा करून मुठीत घ्या, केस विंचरताना करतो तशा वर उचलून. ज्या फांद्यांना पेरातून मुळं फुटली आहेत त्या तटतट सुटतील. एखादी तुटून मागे राहिली तर तीही शोधून काढा, कारण मुळं धरलेला तुकडा स्वतंत्र रोप होतो. मग मधला गड्डा उघडा पडतो. खुरपं त्याच्या बाजूने तिरपं घालून मुळांखाली न्यायचं आणि उचलायचं. या गवताची मुळं झुपक्याची असतात, सोटमूळ नसतं, त्यामुळे गड्डा निघाला की काम झालं. पाऊस पडून गेल्यावर, माती ओली पण चिखल नाही अशा वेळी हे सगळ्यात सोपं जातं. कडकडीत सुकलेल्या जांभ्या मातीत खुरपं मारत बसू नका, गड्डा वरच तुटतो.

तुरा आलेला असेल तर क्रम बदला. आधी कात्रीने तुरे कापून थेट प्लास्टिकच्या पिशवीत टाका, पिशवीला गाठ मारा आणि मगच रोपाला हात लावा. मोकळ्यावर वाढलेलं एक रोप दीड लाखापर्यंत बी देऊ शकतं. पिकलेला तुरा असताना रोप झटकून उपटणं म्हणजे ते बी आपल्या हाताने लॉनभर पेरणं.

काढलेलं गवत टाकायचं कुठे? बिनतुऱ्याचं असेल तर माडाच्या आळ्यात चालेल, पण श्रावणातल्या झडीत उपटून टाकलेलं क्रॅबग्रास जागेवरच पुन्हा मुळं धरतं. आधी पडवीच्या कट्ट्यावर, छपराखाली, मुळं वर करून दोन-तीन दिवस वाळवा. तुऱ्याचं गवत आळ्यात नाही आणि घरच्या खतखड्ड्यातही नाही. बी मरायला खड्डा आतून जेवढा तापावा लागतो तेवढा घरचा छोटा खड्डा पावसाळ्यात तापत नाही.

रोप काढलं की खाली बशीएवढी जागा उघडी राहते. ती तशीच सोडून उठू नका. क्रेटमधला लॉनचा तुकडा तिथे बसवा, कडेने कुजलेली पानमाती भरा, दाबा. माझ्या अनुभवात लोक उपटण्याचं काम मनापासून करतात आणि हे सोडून देतात, आणि तीन आठवड्यांनी त्याच जागी नवी रोपं पाहून चिडतात.

चिरे किंवा पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांतल्या क्रॅबग्राससाठी खुरपं चालत नाही. तिथे उकळतं पाणी ओता, किटलीच्या तोटीने, नेमकं गड्ड्यावर. दोन-तीनदा ओतावं लागतं. लॉनच्या कडेपासून हातभर दूर राहा, नाहीतर लॉनही भाजतं. मीठ टाकायचा सल्ला बरेच जण देतात. मिठागरातलं जाडं मीठ स्वस्त मिळतं हे खरं, पण पावसात ते विरघळून लॉनच्या मुळांत आणि शेजारच्या झाडांकडे जातं. ते करू नका.

कापणी

यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण गोव्यातली बहुतेक लॉन इथे बिघडतात. आपल्याकडे खांद्यावर पट्टा लावलेला ग्रासकटर घेऊन मुलगा येतो आणि नायलॉनच्या दोरीने सगळं गवत जमिनीलगत भुईसपाट करून जातो. महिनाभर पुन्हा यावं लागू नये म्हणून घरमालकच त्याला तसं सांगतो. दोरी जिथे मातीला लागते तिथे लॉनचा गड्डा उडतो, जमीन उघडी पडते, उजेड थेट बियांवर येतो. क्रॅबग्रासला अशा कापणीने काहीच होत नाही. ते आडवं पसरतं आणि दोन सेंटिमीटर उंचीवरसुद्धा तुरा टाकून बी पिकवतं.

म्हणून लॉन उंच ठेवा. मेक्सिकन तीन-चार सेंटिमीटर, बफेलो पाच-सहा. एका वेळी पानाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. याचा अर्थ पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी कापावं लागतं, आणि मला माहीत आहे की सलग पावसात ते जमत नाही. उघडीप मिळाली की कापा, आणि फार वाढलेलं असेल तर दोन टप्प्यांत आणा. उंची लावता येणारं चाकांचं मशीन घेतलंत तर उत्तम. ग्रासकटरच वापरायचा असेल तर त्या मुलाला समोर उभं राहून उंची दाखवा. ऐकतात ती मुलं, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. शिवाय तो आधीच्या घरातून आला असेल तर मशीन गेटबाहेरच नळीने धुवून मग आत घ्यायला सांगा. कटरच्या पात्याखाली चिकटलेल्या ओल्या गवतातून एका अंगणातलं बी दुसऱ्यात जातं.

तुरे दिसत असतील त्या दिवशी कापलेलं गवत खराट्याने गोळा करून बाहेर काढा. एरवी बारीक कापलेलं तिथेच राहिलं तरी चांगलं, ते कुजून खत होतं.

पाणी आणि खत

पावसाळा संपला की दिवाळीपासून मेपर्यंत लॉन आपल्या पाण्यावर जगतं, आणि क्रॅबग्रासही. रोज संध्याकाळी पाच मिनिटं पाइप फिरवला की फक्त वरचा पापुद्रा ओला राहतो, आणि नेमकं तेच रुजणाऱ्या बीला हवं असतं. आठवड्यातून दोनदा, सकाळी लवकर, भरपूर द्या. लॉनवर एक रिकामा डबा ठेवा. आठवड्याभरात त्यात २५ ते ३० मिलिमीटर पाणी साचलं पाहिजे. कळंगुट-कोलव्याकडच्या रेताड जमिनीत पाणी टिकत नाही, तिथे तेवढंच पाणी तीन वेळांत विभागा. नव्याने बसवलेल्या तुकड्यांना मात्र मूळ धरेपर्यंत रोजच पाणी लागतं.

खत क्रॅबग्रास काढून झाल्यावरच घाला, आधी घातलंत तर तेच पहिलं खाईल. जुलैच्या धो धो पावसात युरिया टाकणं म्हणजे गटारात टाकणं. चवथीनंतर पाऊस ओसरला की चौरस मीटरला १० ग्रॅम, म्हणजे १०० चौरस मीटरला एक किलो, कोरड्या पानांवर पसरून लगेच पाणी. पुन्हा एकदा फेब्रुवारीच्या शेवटी. आपली जांभी माती बहुधा आम्लधर्मी असते आणि फार आम्ल असेल तर खत घालूनही लॉन दाटत नाही. एकदा मातीपरीक्षण करून घ्या. जुन्या गोव्यात एला इथे आयसीएआरची (भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची) केंद्रीय तटीय कृषी संशोधन संस्था आहे आणि उत्तर गोव्याचं कृषी विज्ञान केंद्रही तिथेच आहे, चौकशीची सुरुवात तिथून किंवा तुमच्या विभागीय कृषी कार्यालयातून करा. अहवालात सांगितला असेल तरच आणि तेवढाच चुना घाला.

औषधांबद्दल

आमच्या दारात विहीर आहे, म्हणून मी लॉनवर तणनाशक मारत नाही. दुर्वाही तिथूनच खुडतो. पण मोठ्या सोसायटीचं लॉन असेल तर हा प्रश्न येतोच.

दुकानात लॉनचं तण म्हटलं की बरेचदा २,४-डी हे तणनाशक हातात देतात. ते रुंद पानाच्या तणांवर चालतं, क्रॅबग्रास गवतवर्गातलं असल्याने त्याला काही होत नाही. भुईमूग-सोयाबीनमधलं गवत मारणारी औषधं क्रॅबग्रास मारतात आणि सोबत तुमचं लॉनही, कारण तेही गवतच आहे. ग्लायफोसेट सगळंच मारतं. शिवाय केंद्र सरकारने २०२२ मध्ये अधिसूचना काढून त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. घरच्या माणसाने ते फवारू नये.

उरतं पेंडिमेथॅलिन, बी रुजतानाच रोपटं मारणारं. ते उगवलेल्या क्रॅबग्रासवर चालत नाही, म्हणून पहिल्या पावसाआधी द्यावं लागतं आणि हलक्या पाण्याने मातीत जिरवावं लागतं. आपली अडचण अशी की मान्सूनचा पहिलाच तडाखा मोठा असला तर ते वाहून जातं, आणि पाण्यातल्या माशांना ते घातक आहे. उतारावर, विहिरीजवळ, ओहळाच्या किंवा खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीच्या) कडेला ते नकोच. नव्या लॉनवरही नको, कारण लॉनच्या धावत्या फांद्यांनाही ते मुळं फुटू देत नाही आणि उघड्या जागा भरायच्या राहतात. लेबल पूर्ण वाचा. त्यावर लॉनचा उल्लेख नसेल तर कृषी अधिकाऱ्याला विचारल्याशिवाय मारू नका.

अर्ध्याहून जास्त क्रॅबग्रास झालं असेल तर

तेव्हा खुरप्याने पुरं पडत नाही. दसऱ्यानंतर शांतपणे ठरवा आणि एप्रिलमध्ये ते लॉन पूर्ण काढून जमीन सपाट करा. माती नीट भिजवा आणि तिच्यावर पारदर्शक पातळ प्लास्टिक घट्ट ताणून, कडा मातीत गाडून चार ते सहा आठवडे ठेवा. पारदर्शकच घ्या, काळं नको, कारण ऊन आतपर्यंत पोहोचलं तर माती जास्त तापते. एप्रिल-मेच्या उन्हात वरच्या थरातलं बरंचसं बी त्यातच मरतं. आंब्याच्या किंवा फणसाच्या सावलीत हा उपाय चालत नाही.

प्लास्टिक काढल्यावर लगेच लॉन लावू नका. पाणी देऊन दहा-बारा दिवस थांबा. वाचलेलं बी रुजेल. ते कोवळं असतानाच फावड्याच्या धारेने वरच्या वर खरवडून काढा, माती खाली-वर न करता. वेळ असेल तर आणखी एकदा करा. मेच्या शेवटी नवा गालिचा अंथरा, तुकड्यांमध्ये फट न ठेवता. सांध्यांमध्ये चाळलेली पानमाती भरा, समुद्राची रेती चुकूनही नको. मधे वाफे असतील तर त्यांच्या मातीवर सोडणं (नारळाची सालं) किंवा सुका पातेरा चार बोटं जाड घाला, म्हणजे तिथलं क्रॅबग्रास लॉनमध्ये उतरत नाही. पहिल्या पावसाळ्यात सांध्यांच्या रेषांवर लक्ष ठेवा. नव्या लॉनमध्ये क्रॅबग्रास बहुतेक तिथूनच वर येतं.